देवदूताचं तिकीट फुल की हाफ?

पवित्र कुटुंब प्राथमिक शाळा,
बोरखडी, ता. पाथर्डी
१ ऑक्टोबर

श्री. आसाराम गर्जे यांस,
सप्रेम नमस्कार.

मी रश्मी साळवे, तुमच्या नातीची, पंकजाची, पहिलीची बाई. फोन न करता पत्र लिहितेय, कारण तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही असं पंकजा सांगते, आणि पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर व्हेरोनिका यांनी बंद करून टाकलाय. सिस्टरांच्या वाढदिवसाच्या फोटोखाली कुणीतरी चुकून आपल्या म्हशीची जाहिरात टाकली होती. "स्वभावानं गरीब, खायला कमी, किंमत बसून ठरवू." तेव्हापासून सगळे निरोप कागदावर, डब्याच्या पिशवीतून.

तर तक्रार अशी. दोन ऑक्टोबरला आम्हा ख्रिस्ती लोकांत रक्षक देवदूतांचा सण असतो. यंदा त्याच दिवशी दसरा आणि गांधी जयंती, म्हणजे शाळेला सुट्टी. म्हणून मी सोमवारीच वर्गात सांगितलं, की प्रत्येक मुलाला, मग ते कुठल्याही घरचं असो, देवानं एक देवदूत दिलेला असतो आणि तो कायम त्याच्या शेजारी असतो. भीमानं हात वर केला. "बाई, मंग त्यो बसतो कुटं?" घंटा व्हायला आली होती. मी घाईघाईनं म्हटलं, "थोडं सरकून बसा."

इथंच माझं चुकलं. मंगळवारी अख्खा वर्ग अर्धा अर्धा बाक मोकळा सोडून बसला. आणि आज तुमच्या नातीनं घंटेच्या आधी येऊन खिडकीच्या गजातून बाकावर रुमाल टाकला. रोहिणी तिथं बसायला गेली तर म्हणाली, "रुमाल दिसत न्हाई का? जागा धरलीया." वर्गाला ही गोष्ट एका क्षणात पटली. इतक्या लवकर त्यांना मी शिकवलेलं काहीच पटत नाही. मधल्या सुट्टीनंतर प्रत्येक बाकावर रुमाल, रिबिनी, एक डब्याचं झाकण आणि कुणाचा तरी पायमोजा होता, आणि निम्मा वर्ग उभा.

हे कुणी शिकवलं विचारलं तर पंकजा म्हणाली, "आबानी." शाळा म्हणजे एसटी नव्हे, एवढं तिला कृपया समजावून सांगा.

आपली,
रश्मी साळवे


बोरखडी
२ ऑक्टोबर, दसरा

विषय : खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणेबाबत.
संदर्भ : आपले दि. १ चे पत्र (शेंगदाण्याच्या चटणीसह मिळाले).

आदरणीय बाई, स. न. वि. वि.

मी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालो. उभा जन्म इंजिनाशेजारी गेल्यामुळे कान गेले, पण नियम डोक्यात शाबूत आहेत. रुमाल टाकणं हा गुन्हा नाही, आणि तसा नियमही नाही. पण आपल्या मुलखात रुमालाला जो मान आहे तो साहेबाच्या सहीला नाही. दिवाळीच्या गर्दीत पुण्याच्या गाडीला लोकांनी एकमेकांच्या टोप्या उडवलेल्या मी पाहिल्या, पण सीटवरचा रुमाल उचलून फेकणारा माईचा लाल अजून पाहिला नाही. तेव्हा पंकजाला रागावता येत नाही. ती कायद्यानं वागली.

मात्र अट अशी, की ज्याच्यासाठी रुमाल टाकला तो गाडी सुटायच्या आत येऊन बसला पाहिजे. तुमचा देवदूत वेळेवर येतो का? त्याचं वय काय? पंकजा म्हणते, तिचा तिच्याएवढाच आहे. मग तो हाफ तिकिटात बसतो, आणि दोन हाफ एका सीटवर बसवायची वहिवाट आहे. पंखांचं म्हणाल तर मिटलेले असतील तर मांडीवर चालतील, उघडे असतील तर ते लगेज, टपावर जातील. या हिशेबानं बसवून बघा, वर्ग मावेल.

आपट्याची पानं सोबत पाठवतोय. सोनं समजून घ्या.

आपला,
आसाराम गर्जे

ता. क. : भाऊबीज झाली की पंकजाचे आईबाप, म्हणजे आमचा अंगद आणि सून ज्योती, ऊसतोडीला कोल्हापूरकडे जातात. इतकी वर्षं ती आजोळी राहायची. आता तिकडची आजी थकली, म्हणून यंदा तिलाही नेणार आहेत. उन्हाळ्यात परत येतील. शाळेतून नाव काढावं लागतं का, तेवढं कळवा.


३ ऑक्टोबर

आबा,

पंकजा तुम्हाला आबा म्हणते, मीही म्हणते. देवदूताच्या तिकिटावर पानभर लिहिता आणि पोरगी शाळेतून जातेय हे ताजा कलमात? वाचून मला इतका राग आला की आपट्याची पानं मी टेबलावर आपटली. मग उचलून नीट ठेवली, सणाचं सोनं होतं.

जूनमध्ये ही पोर फळ्याकडे पाहायचीसुद्धा नाही. काल-परवा तिनं फळ्यावरचा 'मामा' वाचला आणि मागं वळून सगळ्या वर्गाकडे अशी ऐटीत पाहू लागली, जणू मामाला तिनंच स्टँडवरून आणलंय. गेल्या वर्षी पहिलीतला कल्याण असाच दिवाळीत गेला. उन्हाळ्यात परत आला तेव्हा स्वतःच्या नावातला 'क' त्याला ओळखता येईना. सिस्टर सांगतात, तो दुसरीत बसायला लाजला, पहिलीत बसायलाही लाजला आणि शेवटी यायचाच बंद झाला. पंकजाचं तसं होऊ नये म्हणून विचारते. ती तुमच्याजवळ राहू शकत नाही का? घर आहे, पेन्शन आहे, हातपाय चालतात. सरळ उत्तर द्या. विषय-संदर्भ नको.

तुमची हाफ तिकिटाची योजना करून पाहिली. गोरक्ष म्हणाला, माझा देवदूत मोठा हाय, मिशीवाला, त्याला फुल लागतं. मग सगळ्यांच्याच देवदूतांना मिशा फुटल्या. हजेरीला प्रत्येक मूल आधी आपल्या आवाजात "हजर" म्हणतं आणि मग बारीक आवाज काढून पुन्हा "हजर" म्हणतं. खिचडीच्या वेळी भीमा दोन वाढून घेतो आणि दोन्ही खातो, कारण त्याच्या देवदूताला तिखट सोसत नाही. आज सिस्टर दाराशी उभ्या राहून बराच वेळ ऐकत होत्या. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. त्या आत आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "वर्ग चालू असताना देवदूतांनी उभं राहावं. त्यांचे पाय दुखत नाहीत." मुलांना हा निकाल मान्य झाला. फक्त सणासमारंभाला त्यांना जागा द्यायची, अशी तडजोड पंकजानं सिस्टरांकडून करून घेतली.

उद्या संत फ्रान्सिसचा सण. फादर येऊन प्राण्यांना आशीर्वाद देणार आहेत. मुलांना एखादा लहान प्राणी आणायला सांगितलंय. कोंबडी, मांजर, फार तर शेळीचं करडू. तुम्ही आलात तर बरं होईल.

रश्मी


५ ऑक्टोबर

विषय : म्हशीबाबत दिलगिरी.

आदरणीय बाई, स. न. वि. वि.

लहान प्राणी आणा असं आपण लिहिलं होतं. आमच्या गोठ्यात चंद्रीच सगळ्यात लहान आहे. तिची आई पाहिलीत तर तुमची खात्री पटेल.

फादरांनी मंतरलेल्या पाण्याची बादली खाली ठेवायला नको होती. चंद्री उन्हातून चालत आली होती. रोहिणीच्या कोंबडीला धरायला फादर वळले तेवढ्यात तिनं तोंड घातलं आणि तळ दिसेपर्यंत वर काढलं नाही. पुढं तिनं नाकातून फवारा उडवला, तो कोंबड्या, शेळ्या, पालक आणि सिस्टर या सर्वांवर सारखा पडला, त्यात भेदभाव झाला नाही. फादर "आमेन" म्हणाले आणि कार्यक्रम संपला. देवमाणूस आहेत.

पण त्याचा वेगळाच ताप झालाय. कालपासून लोक चंद्रीचं दूध मागायला येतात. एकाला गुडघ्यासाठी हवंय, एकाला पोराच्या पोलीस भरतीसाठी. मी सांगतो, बाबांनो, ती पारडी आहे, दूध निघायला अजून दोन वर्षं आहेत. तर एक जण गोठ्याच्या खुंटीला रुमाल बांधून गेला.

आपण सरळ उत्तर मागितलं होतं. घरात बाईमाणूस नाही, हे उत्तर. आमच्या लंकाबाईला जाऊन तीन वर्षं झाली. अंगदला माझ्या जागेवर एसटीत चिकटवता आला असता, पण अनुकंपावर लागायला बापानं नोकरीत मरावं लागतं, आणि तेवढं माझ्याकडून झालं नाही. म्हणून तो कोयता घेऊन जातो, आणि एका कोयत्याला नवराबायको दोघं लागतात. सून तर म्हणते, "मामंजी, तुमाला सोताचा चष्मा सापडत न्हाई, पोरगी कुटं सांबाळता?" तेव्हा मी चष्माच शोधत होतो.

कळावे.

आसाराम गर्जे


७ ऑक्टोबर

आबा,

बाईमाणूस नाही, म्हणजे नेमकं काय नाही? पंकजा म्हणते, तुमची भाकरी आईच्या भाकरीपेक्षा गोल असते. कपडे तुम्ही धुता. मग अडलंय कुठं?

आणि आणखी एक. शनिवारी चंद्रीच्या शेपटीची वेणी घातलेली होती आणि तिला आमच्या गणवेशाची लाल रिबीन बांधलेली होती. फादरांना वाटलं, तुमच्याकडची काही रीत असेल, म्हणून त्यांनी वेणीलाही वेगळा आशीर्वाद दिला. पण सोमवारी पंकजा एकच रिबीन लावून आली. दोन वेण्या, वर दुमडलेल्या, लाल रिबिनीत, हा सिस्टरांचा नियम आहे, आणि त्यावर त्या देवदूतांचंही ऐकत नाहीत. मी पंकजाला बोलले. म्हशीशी खेळायला रिबीन मिळत नसते, असं म्हणाले. ती मान खाली घालून गप्प उभी राहिली. एरवी एका शब्दाला चार शब्द देणारी पोर! मला दिवसभर चुटपुट लागली.

बाकी वर्ग ठीक. ऑक्टोबर हा आमचा जपमाळेचा महिना, म्हणून मणी ओढत मुलं दहा-दहाचे गट शिकली. पंकजा शंभरापर्यंत जाते. मध्ये साठ गाळते, पण जाते.

रश्मी


९ ऑक्टोबर

विषय : शेपटीबाबत कबुली.

आदरणीय बाई,

पंकजाला बोलू नका. वेणी मी घातली.

बाईमाणूस नाही म्हणजे नेमकं काय नाही, हा प्रश्न आपण विचारलात आणि मी दोन दिवस त्यावर बसून होतो. भाकरी येते. भाजी बरी येते. ताप आला तर दवाखाना माहीत आहे. वेणी येत नाही, बाई. सध्या सून घालते. अंगदनं पोळ्याच्या सुमाराला सांगितलं की यंदा पोरीलाही नेणार, तेव्हापासून मी गोठ्यात शिकतोय. चंद्री चांगली आहे, ओढलं तरी बोलत नाही. पण तिला शेपूट एकच. पोरीला वेण्या दोन, त्याही सारख्या पाहिजेत. मला आधी सुतळीवर जमलं, मग शेपटीवर जमलं. शनिवारी घाईत सोडायची राहिली आणि सगळ्या गावादेखत शाळेत आली. पंकजाला सगळं माहीत आहे. कुणाला सांगू नको म्हणून मी तिला शपथ घातली होती, म्हणून ती तुमच्यासमोर गप्प उभी राहिली. माझ्यापायी तिनं बोलणी खाल्ली.

आता विषय निघालाच आहे तर लिहितो. मला पोरगी हवी आहे. ती गेली तर घरात बोलणारं कुणी उरत नाही. मला सगळ्या जगाचं कमी ऐकू येतं, पण तिचं नीट ऐकू येतं. हे ज्योतीसमोर मला बोलता येत नाही. बोलायला गेलो की सून म्हणते, "पोरीच्या डोक्यात जटा झाल्या, उवा झाल्या, तर मी तिकडं फडात बसून काय करू? रडू?" तिचंही खोटं नाही. पोर तिची आहे.

रिबिनीचे पैसे देतो म्हणालो तर पंकजा म्हणाली, चंद्रीलाच राहू दे, तिला शोभती.

आसाराम


११ ऑक्टोबर

विषय : आजोबांनी वेणी घालणेबाबत.
संदर्भ : एक म्हैस.

आबा,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोनदा डोळे पुसले, मग म्हटलं रडून काय होणार, काहीतरी करू. पंकजाची मी माफी मागितली. ती म्हणाली, "असू द्या बाई, तुमाला कुटं म्हाईत हुतं." तिच्याकडून ऐकून घेणं माझ्या नशिबीच आहे.

आजी-आजोबा दिन सप्टेंबरात पावसानं राहून गेला होता. तो आता दिवाळीच्या सुट्टीआधी, सोळा तारखेला करतोय, आणि त्यात 'आजोबांची वेणीफणी' अशी स्पर्धा ठेवलीय. सिस्टरांनी विचारलं, आज्यांची का नाही? मी म्हटलं, त्यांना येतंच. सिस्टर म्हणाल्या, "म्हणजे परीक्षा ज्यांना येत नाही त्यांची. घ्या."

तुम्ही यायचं, आणि ज्योतीताईंना घेऊन यायचं. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की प्रश्न मिटला. एकच सांगते. भांग सरळ पाडा, सुरुवात मानेजवळ घट्ट करा, आणि दुसरी वेणी घालताना पहिलीच्या टोकाला रबर लावून टाका, म्हणजे ती सुटत नाही. शेपटीला हे लागत नाही, पोरीला लागतं.

आणि चष्मा आणा.

रश्मी


१७ ऑक्टोबर

विषय : वेणीफणी स्पर्धेच्या निकालाविरुद्ध हरकत.

आदरणीय बाई,

काल आपण सिस्टरांसोबत बक्षिसांच्या टेबलाशी होतात, म्हणून मैदानात काय घडलं ते नोंदवून ठेवतो.

सणसमारंभाला देवदूतांना जागा, या कबुलीप्रमाणे मुलांनी सकाळीच सगळ्या खुर्च्यांवर रुमाल टाकून ठेवले होते. पाहुणे म्हणून केंद्रप्रमुख साहेब आले. त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं, सगळीकडे रुमाल पाहिले, आणि बाजूच्या खांबाला धरून उभे राहिले. शेवटपर्यंत. विचारलं तर म्हणाले, "मी शेवगावचा आहे, मला कळतं." अशा माणसाला बढती मिळायला हवी.

सांगायचा मुद्दा असा. चष्मा मी आणला होता. पण घामानं काचा धुरकटल्या, म्हणून काढून कुठंतरी ठेवला. शिट्टी वाजली. माझ्यासमोर दोन पोरी होत्या, गणवेश एक, उंची एक. मी जवळची धरली. भांग सरळ पाडला, मानेजवळ घट्ट धरलं, पहिलीला रबर लावलं, दुसरीही तशीच घातली, रिबिनीची फुलं काढली. असं काम माझ्या हातून जन्मात झालं नव्हतं. मान वर केली तर शेजारी पंकजा मोकळे केस घेऊन माझ्याकडे बघत उभी. आणि वेण्या झाल्या होत्या रोहिणीच्या.

रोहिणीचे आजोबा तिला हुडकत पाण्याच्या टाकीपर्यंत गेले होते. आपण दोघांनाही बाद केलंत. माझी हरकत एवढीच आहे, की स्पर्धा वेणीची होती, ओळखपरेडीची नव्हती.

घरी येताना मी पंकजाला विचारलं, "अगं, बोलली का न्हाईस?" ती म्हणाली, "तुमी लई मन लावून करीत हुता, आबा. मंग कसं सांगायचं?"

ज्योती वाटेत आमच्या पुढं झपझप चालत राहिली. मला वाटलं, संपलं. सून समोर बसलेली असताना मी परक्याच्या पोरीची वेणी घातली, आता कुठल्या तोंडानं पोरगी मागू? पण आज सकाळी मी तिला रोहिणीच्या दारात पाहिलं. रोहिणीची आई म्हणत होती, रात्री झोपूनही सुटल्या नाहीत. ज्योतीनं वेणी धरून ओढून पाहिली. पुन्हा ओढली. मग पदर तोंडात धरून हसत सुटली ती थांबेचना. "मानूस चुकलं, पर येनी न्हाई चुकली."

पण राहू देईन असं म्हणाली नाही. मी विचारलंही नाही. दिवाळीचा फराळ पाठवतोय, शंकरपाळे मी तळलेत, ते आधी खा.

आसाराम


राहाता
२५ ऑक्टोबर

आबा,

सुट्टीला मी माहेरी आलेय. काल भाऊबीज... नव्हे, परवा झाली. तारखांचं भान राहिलेलं नाही, कारण सारखं तुमच्याकडचं डोक्यात येतं. ऊसतोडीचा टेम्पो आला का? पंकजा आहे का गेली? इथं आई म्हणते, दुसऱ्याच्या लेकरासाठी एवढा जीव टांगणीला लावू नये, पहिलीच्या बाईनं तर मुळीच लावू नये, दरवर्षी नवी पोरं येतात. कळतं मला. पण काल चर्चमध्ये बाकावर बसताना मी आपोआप सरकून बसले आणि शेजारच्या बाईंनी लगेच तिथं पिशवी ठेवली, तर मी त्यांच्याशी भांडले.

हे पत्र राहात्याहून पाथर्डीला येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देतेय. तुमचं नाव सांगितल्यावर त्यानं पाकीट कपाळाला लावून घेतलं. काही झालं असेल तरी लिहा. गेली असेल तरी लिहा. तिचं नाव मी पटावरून काढणार नाही.

रश्मी


बोरखडी
३१ ऑक्टोबर

विषय : नेमणूक.

आदरणीय बाई,

उत्तराला उशीर झाला. टेम्पो मंगळवारी आला. त्यानंतर दोन दिवस मी नवीन कामावर होतो, लिहायला सवड मिळाली नाही.

सोमवारपर्यंत ज्योतीनं काही सांगितलं नव्हतं. पंकजाचे कपडे तिनं बोचक्यात बांधले, ते बोचकं भांड्यांच्या पोत्याला बांधलं, आणि मंगळवारी सकाळी सगळं टेम्पोत चढलं. मी गोठ्यात जाऊन उभा राहिलो. निघताना सगळ्यांसमोर डोळे पुसायची मला लाज वाटते. तेवढ्यात सून गोठ्यात आली आणि बोचकं माझ्या हातात दिलं. "रोज त्याल लावा. ऐतवारी न्हाऊ घाला. अन् येनी लई आवळू नका, तिचं डोकं दुखतं." एवढंच बोलली आणि रडली. मग मीही रडलो. अंगद बाहेरून हाका मारत होता, त्याला वाटलं म्हैस सुटली.

पंकजा रडली नाही. ती टेम्पोत चढली. मला वाटलं, आईला बिलगायला चढली. पण तिनं दोन पोती रेटली, पातेलं बाजूला सरकवलं, बसण्याएवढी जागा केली आणि तिथं आपला रुमाल अंथरला. म्हणाली, "आई, हितं त्यो बसंल. मला हितं आबा हायेत. तिकडं तुला कोन न्हाई." ज्योतीनं मान हलवली.

रात्री कोल्हापूरच्या अलीकडून अंगदचा फोन आला. तो ओरडून बोलला म्हणून ऐकू आलं. वाटेत टेम्पोत आणखी दोन जोड्या चढल्या. माणसांना पाय ठेवायला जागा नव्हती. मुकादम म्हणाला, "ताई, त्यो रुमाल घ्या की उचलून." ज्योती म्हणाली, "जागा धरलेली हाय." कुणासाठी, ते कुणी विचारलं नाही. सगळी माणसं अवघडून एकमेकांच्या अंगावर बसून गेली, पण त्या रुमालावर शेवटपर्यंत कुणी बसलं नाही.

तर आता पंकजा देवदूताशिवाय आहे. आईबाप परत येईपर्यंत ती जागा तिनं मला दिलीय. मी म्हटलं, मी कंडक्टर होतो, ह्या खात्याचा मला अनुभव नाही, काम काय असतं ते तरी सांग. तिनं सांगितलं, "काय न्हाई, आबा. नुसतं शेजारी ऱ्हायचं. अन् दिसायचं न्हाई."

मी म्हटलं, "दिसायचं न्हाई, तेवढं मला जमायचं न्हाई."

ती म्हणाली, "चालंल."

आसाराम गर्जे